बाच्या देशाकडून

माझा बा कल्याणला चायनीजच्या गाडीवर कुक होता. अजूनही तेच करतो, फक्त गाडीच्या जागी आता गाळा झालाय. त्याचं खरं नाव तिथे कोणालाच माहीत नव्हतं. मालक, गिऱ्हाईक, शेजारचा पानवाला, सगळे त्याला एकाच नावाने हाक मारायचे, इकडे प्रत्येक नेपाळ्याला मिळतं त्या नावाने. तोही ओ द्यायचा. घरी आई त्याला 'अहो' म्हणायची आणि मी 'बा'. म्हणजे त्याचं स्वतःचं नाव अख्ख्या कल्याण-डोंबिवलीत कोणाच्याच तोंडी नव्हतं.

आई कोकणातली, राजापूरच्या बाजूची. डोंबिवलीला एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. बाशी लग्न केलं म्हणून तिच्या भावांनी तिला तोडलं, आणि तोडलं म्हणजे खरंच तोडलं. आजोबा गेल्याची बातमी तिला चाळीतल्याच एका बाईकडून कळली, तीही दहावं झाल्यावर.

गणपतीत आमची चाळ रिकामी व्हायची. अर्ध्याहून जास्त बिऱ्हाडं कोकणातली. चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी बॅगा, पिशव्या, लायटिंगच्या माळा घेऊन सगळे निघायचे आणि आमचं तिघांचं बिऱ्हाड तेवढं उरायचं. त्या दिवसांत खेळायला कोणी नसायचं. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर मी रबरी बॉल मारायचे आणि परत आला की झेलायचे. सकाळी, दुपारी, दिवेलागणीपर्यंत. भिंत ओबडधोबड होती, बॉल कुठूनही यायचा. कधी नाकावर, कधी पार पायाशी. गौरी-गणपती आटपून बाकीच्या मुली परत यायच्या तोवर माझे तळहात सोलवटलेले असायचे. शाळेत मुलींच्या फुटबॉल टीमला गोलकीपर मिळत नव्हती, कारण कोणालाच अंगावर बॉल घ्यायचा नव्हता. मला त्याची भीती वाटत नाही हे पीटीच्या बाईंच्या लक्षात आलं आणि माझी जागा ठरली.

पुढे मी कल्याणला रेल्वेच्या मैदानावर जायला लागले. तिथे एक रिटायर झालेले रेल्वेतले गृहस्थ मुलींना शिकवायचे. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. माझे हात त्यांना पसंत होते, तोंड नव्हतं.

"अगं, बोल की! तुझ्या पुढे चार पोरी आहेत, त्यांना मागचं दिसत नाही, तुला सगळं दिसतं. मुकी गोलकीपर म्हणजे उघडं दार."

मी बोलायला शिकले. घरात कोणी मोठ्याने बोलत नसे, त्यामुळे मला माझा मोठा आवाज मैदानावरच पहिल्यांदा ऐकू आला. "मागे! मागे! डावीकडे बघ! माझा, माझा!" प्रॅक्टिस संपल्यावर घसा बसायचा आणि मला ते फार आवडायचं.

महाराष्ट्राकडून खेळले. मग भारताच्या कॅम्पला एकदा बोलावणं आलं. आम्ही पाच गोलकीपर होतो आणि त्यात मी पाचवी, हे पहिल्या दोन दिवसांतच कळलं. तिथे जो भेटे तो विचारी, नॉर्थ-ईस्टची का? मी म्हणायचे, डोंबिवलीची. बाराव्या दिवशी यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी बोलावणंच आलं नाही.

त्या सुमारास एके दुपारी फोन आला. नेपाळच्या संघाबरोबर काम करणाऱ्या गोलकीपिंगच्या एक कोच होत्या. एका स्पर्धेत त्यांनी मला खेळताना बघितलेलं आणि माझ्या चेहऱ्यावरून चौकशी केलेली. हिंदीत म्हणाल्या, तुझे वडील आमच्याकडचे आहेत ना? मग तू आमच्याकडून का खेळत नाहीस?

नियम साधा होता. भारताच्या सीनियर संघाकडून मी एकही मॅच खेळलेले नव्हते, त्यामुळे बाच्या देशाकडून खेळता येत होतं. पण त्यासाठी तिथली नागरिकता हवी आणि ती घेतली की इथली सोडायची. दोन्ही ठेवता येत नाहीत.

सरांना सांगितलं.

"तुला खेळायचंय की देश पाहिजे?"

"खेळायचंय."

"मग जा," ते म्हणाले. "पण तिकडे गेल्यावर देशही लागेल तुला. तेव्हा घाबरू नकोस."

बा मात्र नाहीच म्हणाला. मंगळवार होता, त्याचा सुट्टीचा दिवस. तो जमिनीवर बसून लसूण सोलत होता.

"तिथे आपलं कोणी नाय."

"काका आहेत ना?"

"असेल."

"बा, मी इथे पाचवी आहे. तिथे मी खेळू शकते."

"नको म्हटलं ना."

आई ओट्याशी होती. वळूनही न बघता म्हणाली, "जाऊ दे तिला." आई बाला कधी असं काही सांगत नसे. बाने सोललेला लसूण वाटीत टाकला, उठला, पलंगाखालची पेटी ओढली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. त्याची नागरिकता. हाताने लिहिलेली, कोपऱ्यात त्याचा अठराव्या वर्षीचा फोटो. फोटोतला मुलगा हसत होता. तो कागद मी पहिल्यांदाच बघत होते. बा माझ्याबरोबर येणार नव्हता. गावाकडच्या कोणाकडून तरी नंबर मिळवून त्याने भावाला फोन लावला, त्याच्या भाषेत तीन-चार वाक्यं बोलला आणि ठेवला. बावीस वर्षांत मी त्याला ती भाषा इतका वेळ बोलताना ऐकलं नव्हतं.

कल्याणहून गोरखपूर, तिथून जीपने सरहद्द. सरहद्द म्हणजे रस्त्यावरची एक कमान. मी बॅग ओढत चालत पलीकडे गेले, कोणी काही विचारलं नाही. मग बस, दुसरी बस, आणि बागलुंगला काका घ्यायला आलेले. बापेक्षा लहान, पण बासारखेच खांदे. त्यांना हिंदी येत होतं, तरुणपणी दिल्लीत होते. जीपने आणि मग पायी चढून आम्ही घरी पोहोचलो. दगडी घर, दोन दारं. अंगणात पन्नाशीची एक बाई मक्याचे दाणे सोडवत बसलेली. काका तिला "भाउजू" म्हणाले, मला वाटलं तिचं नाव असेल. तिने माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मीच नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वॉर्ड ऑफिसात गेलो. त्याला तिथे 'वडा कार्यालय' म्हणतात. पाटी वाचून मला हसू आलं आणि ते सांगायला बरोबर कोणी नाही हेही लगेच कळलं. तिथल्या सचिवांनी रजिस्टर उघडलं. लिपी तर आपलीच, त्यामुळे टेबलाच्या अलीकडून उलटं असलं तरी मला वाचता येत होतं. बाचं नाव. त्याच्या वडिलांचं नाव. खाली 'पत्नी', आणि त्यापुढे एक नाव. ते माझ्या आईचं नव्हतं.

मी पुन्हा वाचलं. काकांकडे बघितलं.

"तुला माहीत नाही?" काका म्हणाले. "दाईने सांगितलं नाही?"

दाई म्हणजे मोठा भाऊ. भाउजू म्हणजे मोठ्या भावाची बायको. आणि काकांना मोठा भाऊ एकच होता.

सचिव भला माणूस होता. म्हणाला, वडील स्वतः हजर नाहीत, तर घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या सह्या लागतील. त्याला सर्जमिन म्हणतात. ही मुलगी अमक्याचीच, असं चार माणसांनी समोर येऊन सांगायचं. घरच्यांमध्ये काका होते. आणि ती होती.

घराच्या वर टेकाडावर फोनला रेंज यायची. तिथे जाऊन मी बाला फोन लावला. दुपारची वेळ, मागे कढईचा आवाज येत होता.

"बा, इथे एक बाई आहे."

कढईचा आवाज थांबला. मला वाटलं फोन कट झाला.

"अजून आहे ती तिथे?" बा म्हणाला.

फोन मीच ठेवला आणि तिथेच बसून राहिले. खाली अंगणात ती मक्याच्या कणसांच्या वेण्या बांधून खांबाला लावत होती. त्या अख्ख्या डोंगरावर मला ओळखणारं कोणी नव्हतं आणि जिला माझ्यावर रागवायचा हक्क होता तीच माझ्यासाठी जेवण करणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुतलेली साडी नेसून आमच्याबरोबर खाली आली. सचिवाने तिला विचारलं, ही मुलगी तुमच्या नवऱ्याचीच का? तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते, तिने हनुवटीला धरून माझा चेहरा वर केला.

"निधार उस्तै छ," ती म्हणाली. कपाळ तसंच आहे.

मग पेन घेऊन एकेक अक्षर काढत तिने सही केली. तेवढ्यावर मी माझ्या बाची मुलगी ठरले.

त्या घरात मी अजून दहा दिवस राहिले, कागद जिल्ह्याच्या ऑफिसातून येईपर्यंत. ती मला रोज सकाळी पेलाभर मोही द्यायची, म्हणजे ताक. तिचं मला अर्धं कळायचं, माझं तिला त्याहून कमी. तरी ती त्याच्याबद्दल विचारायची. झाडावर चढताना अजून पुढे-मागे बघत नाही का? बासरी वाजवतो का? मला काय सांगावं कळेना. बा झाडावर चढलेला मी कधी बघितलाच नव्हता. ती विशीतल्या मुलाबद्दल विचारत होती आणि मला ठाऊक होता तो पन्नाशीला टेकलेला, पाय सुजणारा माणूस. त्याची पत्रं तीन वर्षं येत होती, मग थांबली, एवढं तिने सांगितलं. तिच्या माहेरचे न्यायला आलेले. ती गेली नाही. का नाही गेली, ते तिने सांगितलं असेल तर मला समजलं नाही.

निघताना काका म्हणाले, तिला जेठी आमा म्हण. मोठी आई. मी म्हटलं. तिने मान डोलावली.

डोंबिवलीला आले ती पासपोर्ट परत करायला. ठाण्याला काउंटरवरच्या मॅडमनी माझे कागद दोनदा बघितले.

"डोंबिवलीच्या ना तुम्ही?"

"हो."

"अमेरिका, कॅनडावाले रोज येतात माझ्याकडे. नेपाळ पहिल्यांदाच बघतेय." मग जरा थांबून, "आईवडील इथेच?"

"इथेच."

"मग येत-जात राहाल म्हणा." त्यांनी पासपोर्टचा कोपरा कापला. वाटलेलं त्यापेक्षा बारीक आवाज झाला.

घरी आठ दिवस होते, तेवढ्यात मी बाशी बोलले नाही. तो कामावरून यायचा, माझ्यासाठी ताट झाकून ठेवायचा, मी जेवायचे. आईला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? मनात आलं, हिने घरदार, भाऊ सोडून ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस आधीच कोणाचा तरी होता, हे मी सांगायचं? मी बॅग भरली आणि काठमांडूला गेले.

तिथे पहिले सहा महिने मी जितकी एकटी होते तितकी आयुष्यात कधी नव्हते. हॉस्टेलमध्ये खोलीत चौघी. सगळ्या चांगल्या होत्या, कोणी वाकडं बोललं नाही. पण त्या हसायच्या तेव्हा मला हसण्याचं कारण कळायला वेळ लागायचा आणि कळेपर्यंत हसणं संपलेलं असायचं. शनिवारी तिथे सुट्टी. पोरी आपापल्या मावशीकडे, काकाकडे जायच्या. मी कपडे धुवायचे, गच्चीत वाळत घालायचे आणि ते वाळेपर्यंत तिथेच बसायचे. आईचा फोन आला की 'मजेत आहे' म्हणायचे. आई 'बरं' म्हणायची. दोघींनाही खरं माहीत होतं.

मैदानावर तर आणखी पंचाईत. सरांनी मला बोलायला शिकवलेलं, पण ते मराठीत. दबाव आला की तोंडातून 'मागे! मागे!' निघायचं. त्यांच्या भाषेत 'मागे' म्हणजे 'त्यांनी मागितलं'. पहिल्या दिवशी सगळ्या वळून बघायला लागल्या. "के मागेको?" एकीने विचारलं, काय मागतेयस? आणि हशा पिकला. मागे म्हणजे 'पछाडि'. मी भिंतीवर कागद चिकटवला. पछाडि, अगाडि, देब्रे, दाहिने. मागे, पुढे, डावीकडे, उजवीकडे. झोपताना पाठ करायचे.

पहिली मॅच मिळाली ती मैत्रीपूर्ण होती, काठमांडूतच. त्यांचं राष्ट्रगीत मी पाठ केलेलं, म्हटलंही, आणि एकही शब्द चुकला नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं. पहिल्या हाफमध्ये दोन चांगले बॉल अडवले. एक तर बोटांच्या टोकांनी बारवरून काढला. स्टेडियम ओरडलं, ते माझ्यासाठी हे कळायला एक क्षण लागला. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही एका गोलने पुढे असताना समोरच्या संघाकडून लांब बॉल आला. त्यांची स्ट्रायकर आमच्या सेंटर-बॅकच्या पाठीमागून सुटलेली. मला सगळं दिसत होतं. मी जीव तोडून ओरडले, "मागे! मागे!"

सेंटर-बॅक माझ्याकडे बघत राहिली. जेमतेम एक सेकंद. स्ट्रायकर तिच्या बाजूने निघून गेली आणि बॉल माझ्या उजव्या हाताखालून जाळ्यात.

मॅच एक-एक सुटली. मी बाथरूमचा नळ सोडून आत बसले. भिंतीवरून पाठ केलेले सगळे शब्द आठवत होते, एकामागून एक, अगदी क्रमाने.

काकांचा फोन आला. गावात चार-पाच जणांनी मिळून मोबाइलवर मॅच बघितलेली. "भाउजूनेही बघितली," ते म्हणाले. "ती विचारत होती, तिला एवढा वेळ एकटीलाच का उभं करतात?"

दोन दिवसांनी प्रॅक्टिसला ती सेंटर-बॅक माझ्याकडे आली. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पूर्वेकडच्या तराईतली, म्हणजे खालच्या सपाट मुलखातली. तिला स्वतःलाच नेपाळी शाळेत गेल्यावर शिकावी लागलेली, घरची भाषा वेगळी. म्हणाली, "दिदी, आफ्नै भाषामा कराउनु न. हामी सिक्छौं." तुमच्याच भाषेत ओरडा, आम्ही शिकतो. तिने खरंच शिकून घेतलं. मागे, डावीकडे, माझा. बाकीच्या तिघींनाही तिनेच शिकवलं. पुढच्या पाच मॅच नेपाळच्या डिफेन्सला डोंबिवलीचं मराठी येत होतं. त्यातल्या दोन आम्ही जिंकलो.

मग माझा खांदा निखळला. बरा व्हायला सात महिने लागले आणि तोवर एकोणीस वर्षांची नवी गोलकीपर आली, माझ्याहून उंच, माझ्याहून बरी. दीड वर्ष मी बाकावर होते. त्यात भारताविरुद्धची मॅचही गेली. तीही मी बाकावरूनच बघितली, अंगावर जाड जाकीट घालून. मग मी परत आले. एकूण सहा मॅच. ज्यासाठी गेले ते मला मिळालं का, असं लोक विचारतात. मिळालं. थोडं मिळालं.

परत आल्यावर आईला सांगायचं ठरवलं. ती तांदूळ निवडत होती. मी सुरुवात केली आणि तिने मान वर न करता म्हटलं, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू पोटात होतीस तेव्हापासून. ह्यांच्या भावाचं पत्र आलेलं. भाषा येत नव्हती, पण अक्षरं आपलीच ना. कळायचं ते कळलं."

"मग काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? माहेरचं दार बंद झालेलं. ह्यांना विचारलं असतं तर हे रडले असते. मग माझं राहिलं बाजूला, ह्यांनाच सांभाळत बसावं लागलं असतं."

"आणि मला का जाऊ दिलंस?"

तिने खडा उचलून बाजूला ठेवला. "कोणीतरी तिच्या समोर जायला हवं होतं. ह्यांच्याने ते होणार नव्हतं. माझ्यानेही नाही." मग विचारलं, "एकटीच असते का?"

"काका आहेत."

"म्हणजे एकटीच."

आता मी कल्याणला सरांच्याच मैदानावर मुलींना गोलकीपिंग शिकवते. सर गेले. इथल्या कागदांवर मी परदेशी आहे. मतदानाच्या दिवशी मैदान बंद असतं आणि बोटाला शाई लावलेल्या पोरी फोटो टाकतात, तेव्हा मी घरी असते. दसऱ्याला गावी जाऊन येते. जेठी आमा कपाळाला तांदूळ-दह्याचा लाल टिका लावते, पुटपुटत काहीतरी आशीर्वाद देते. बाबद्दल आता ती विचारत नाही. मीही काही सांगत नाही.

मागच्या दसऱ्याला निघताना तिने कापडात बांधलेली एक पुरचुंडी दिली. गुंद्रुक होतं त्यात, पालेभाजी आंबवून उन्हात वाळवतात ते. "उताको आमालाई," ती म्हणाली. तिकडच्या आईला.

आईने वास घेतला, नाक मुरडलं, मग भिजत घातलं. मंगळवार होता. कसं करायचं हे तिने मला विचारलं, मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. बाकी तिने कोकणातल्या सवयीने लसूण आणि सुकी मिरची घालून केलं. बा जेवायला बसला. आईने वाढलं. त्याने एक घास घेतला आणि थांबला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत नव्हतो. मग त्याने खायला सुरुवात केली आणि सगळं संपवलं, वाटी बोटाने पुसून. कुठून आलं, कोणी दिलं, काही विचारलं नाही. हात धुवायला मोरीत गेला. हात धुऊन झाल्यावरही बराच वेळ नळ चालू होता. आई उठून बंद करायला गेली नाही.